दुसऱ्या बॅटरीवरची झोप

बेहालाच्या गल्ल्यांमध्ये बांबू येऊन पडायला लागले की मला संशय यायला लागतो. कशाचा, ते विचारू नका. ऋतूच तसा आहे. पाऊस गेला म्हणावं, तर दुपारी येऊन चार सरी टाकून जातो. आकाश इतकं निळं आणि ढग इतके पांढरे, की कोणीतरी घाईघाईने रंगवून वाळत घातलेत असं वाटतं. दुर्गापूजेचे मांडव उभे राहायला लागतात, रस्ता अर्धा होतो आणि जो तो म्हणायला लागतो, पूजेच्या आधी होऊन जाईल. शिंपी म्हणतो, नळवाला म्हणतो, ऑफिसातले साहेबही म्हणतात. एवढी कामं या एका महिन्यात होऊन जाणार असतील, तर ही माणसं बाकीचे अकरा महिने काय करतात, हा माझा कलकत्त्यातल्या पहिल्या वर्षापासूनचा प्रश्न आहे.

आज सकाळी बजबजला ऑफिसला निघालो, तर मेट्रोच्या खांबांखाली बांबूंची हातगाडी आडवी आली. मी काच खाली केली. ओल्या बांबूचा हिरवट वास आला आणि त्याच्या पाठोपाठ कुठल्यातरी गॅरेजमधून सोल्डरिंगचा धूर. हे दोन वास एकत्र नाकात गेले आणि मी जागच्या जागी तीन वर्षांपूर्वीच्या त्या महिन्यात जाऊन आलो. मागच्या गाड्यांनी हॉर्न वाजवून मला परत आणलं, नाहीतर अजून तिथेच असतो. गॅरेजच्या शटरबाहेर, कान लावून.

आधी गाडीची ओळख करून देतो. माझी फोर बाय फोर आता तेरा वर्षांची आहे. चौकोनी, उंच, कपाटासारखी. तिच्यात चढायला माणसाला एक पाय आणि थोडी श्रद्धा लागते. साताऱ्याहून बदली झाली तेव्हा मी सामान ट्रकने पाठवलं आणि स्वतः हिच्यातून आलो. या गाडीत दुसरी बॅटरी आणि हवेचा कॉम्प्रेसर बसवायचं माझ्या मनात तेव्हापासून होतं. का, ते मला नीट सांगता आलं नसतं. काही पुरुषांना मिशा ठेवाव्याशा वाटतात.

मग आईची पेटी आली.

आईला झोपेत श्वास अडकायचा त्रास. डॉक्टरांनी एक यंत्र दिलं. उशाशी पेटी, पेटीला नळी, नळीच्या टोकाला मास्क. रात्रभर ती पेटी हलक्या दाबाने हवा आत ढकलते आणि आई शांत झोपते. वीज गेली की पेटी थांबते, पेटी थांबली की आई दचकून उठून बसते. आमच्या सोसायटीला जनरेटर आहे, म्हणून आई सोसायटीत. जिने एस.टी.च्या खिडकीशी बसून अर्धा महाराष्ट्र पाहिला, त्या बाईने दोन वर्षांत एकही रात्र घराबाहेर काढली नव्हती. भाचीची वास्तुशांत झाली, नातसुनेचं डोहाळजेवण झालं. आईचं उत्तर ठरलेलं, "मी आणि माझी पेटी, आम्ही इथे बऱ्या."

त्या भाद्रपदात एकदा ती बाल्कनीत उभी होती. लांब रुळांच्या कडेला काहीतरी पांढरं हलत होतं.

"ते काय रे?"

"काश. गवत आहे. पूजेच्या आधी फुलतं."

"जवळून कसं दिसतं?"

संपलं. माझ्या डोक्यात दिवा पेटला. झाडग्रामच्या पलीकडे नदीकाठी एकाचं मातीचं घर भाड्याने मिळतं, हे मला माहीत होतं. समोर वाळू, वाळूच्या पलीकडे नुसतं काश. वीज मात्र पाहुण्यासारखी, येते आणि जाते. पण गाडीत दुसरी बॅटरी असली तर? पेटी रात्रभर तिच्यावर चालेल आणि गाडी सुरू करायची मूळ बॅटरी सकाळी तशीच ताजी राहील. मी हे रात्री जेवताना जाहीर केलं. नाटकाची घोषणा करावी तसं, हात वगैरे पसरून.

माझी बायको मेधा बँकेत आहे. माणसाने सांगितलेलं कारण आणि खरं कारण यांत तिला नेहमी फट दिसते.

"काश बघायला दोन बॅटऱ्या लागत नाहीत," ती म्हणाली. "वीस मिनिटांवर आहे. मी रविवारी घेऊन जाते आईंना."

"प्रश्न काशचा नाही. एका रात्रीचा आहे. तिने त्या खोलीबाहेर एक रात्र काढायला हवी की नको?"

ते खरं होतं, हे मेधालाही पटलं. मग तिने आमटीचा डाव खाली ठेवला.

"बरं. बॅटरी आईंसाठी. मग तो हवेचा पंप कोणासाठी?"

"वाळूत जायचं तर टायरमधली हवा कमी करावी लागते. बाहेर आलं की परत भरावी लागते."

"आईंना वाळूत कशाला न्यायचंय?"

मी आईच्या वाटीत आणखी आमटी वाढली. आई आमटी ओरपत दोघांकडे पाहत होती. शेवटी म्हणाली, "मला परक्या ठिकाणी, रात्री, गाडीच्या विजेवर झोपवणार असाल तर आधी दिवसाढवळ्या दोन तास चालवून दाखवा. माझा भरवसा नाही." हीच तिची अट. चाचणी पास झाली तर एक रात्र, नाहीतर पेटी आणि ती इथेच.

अशा रीतीने मी मंटूदाच्या गॅरेजात पोचलो.

मंटूदा साठीचे, सडपातळ, चष्म्याला दोरी, कानावर पेन्सिल. त्यांनी बॉनेट उघडलं आणि बराच वेळ आत पाहत राहिले, विहिरीत पाहावं तसे. मग म्हणाले, "जगह है। लेकिन ट्रे बनाना पडेगा। हावडा में बनेगा।" बॅटरी ठेवायला लोखंडाची एक ट्रे, चार वाकण, सहा भोकं. ती बेहालात का बनत नाही? नदी ओलांडून हावड्यालाच का? "वहां एक आदमी है," ते म्हणाले. तो आदमी कोण, त्याचा आणि यांचा संबंध काय, या विचारात माझे दोन दिवस गेले. मंटूदा बसने हावड्याला गेले, ट्रे घेऊन आले, ती दोन सूत मोठी निघाली, परत गेले. मी विचारलं, किती दिवस लागतील? ते म्हणाले, "गाडी खडा रहने दीजिए दादा। आराम से। होये जाबे।"

होये जाबे, म्हणजे होऊन जाईल. हे दोन शब्द कलकत्त्यात इतक्या मायेने उच्चारले जातात, की ऐकणाऱ्याला काम झाल्यासारखंच वाटतं. मला मात्र घाम फुटतो. आमच्याकडे गॅरेजवाला 'उद्या देतो' असं सरळ खोटं बोलतो. त्यात एक प्रामाणिकपणा असतो. निदान भांडायला तारीख मिळते.

आणि दुपारचं शटर! दीड वाजला की ते धाडकन खाली यायचं ते चारला वर. मधले अडीच तास माझी गाडी त्या शटरच्या आत, आणि मी बाहेर. शेवटी ट्रे आणि तिच्यात दुसरी बॅटरी बसली, आणि त्यानंतर एकदा ऑफिसातून लवकर सुटून दुपारी तिथे गेलो. शटर बंद. गल्ली सामसूम, फक्त वर कुठेतरी पतंग फडफडत होते, कारण विश्वकर्मापूजा, म्हणजे हत्यारांची पूजा, जवळ आली होती आणि इथे तेव्हा पतंग उडवतात. मी शटरला कान लावला. आतून पंख्याची घरघर ऐकू आली. मी आजूबाजूला पाहिलं. समोरच्या मिठाईच्या दुकानातला पंखा बंद होता, दुकानदार पेपरने वारा घेत होता. म्हणजे गल्लीची वीज गेलेली. मग आत पंखा कशावर चाललाय?

वाचकहो, त्या क्षणाचा आनंद मी लपवणार नाही. संशय खरा ठरतोय असं वाटलं की माणसाला जो एक गोड शहारा येतो, तो मिठाईच्या दुकानासमोर उभा राहून मला आला. माझ्या आईची बॅटरी! तिच्या श्वासाची बॅटरी! आणि तिच्यावर हे लोक पंखा लावून झोपतात!

त्यात भर म्हणून दोन दिवसांनी कॉम्प्रेसर बसला. तो मोठ्या डब्याएवढा, बॉनेटखाली रबराच्या पायांवर. पहिल्यांदा चालू केला तेव्हा असा काही तडतडला, की समोरचा कुत्रा उठून गल्लीच बदलून गेला. मला तो आवाज फार आवडला. पण दुसऱ्या संध्याकाळी गेलो तर काय, माझ्या गाडीतून निघालेली पिवळी नळी रस्त्यापर्यंत पसरलेली, आणि एक टोटोवाला, म्हणजे आपली ई-रिक्षा, ऐटीत टायर भरून घेतोय. त्याच्या मागे दुसरी टोटो. तिच्या मागे एक सायकल.

"हे काय?" मी म्हणालो.

"टेस्ट हो रहा है दादा," मंटूदा म्हणाले. "लोड देना पडता है। खाली टायर कहां से लाएगा?"

उत्तर बिनतोड होतं. बिनतोड उत्तरांचा मला सर्वांत जास्त संशय येतो.

मग मी सापळा लावला. तो समजायला एवढंच माहीत हवं. दोन बॅटऱ्यांच्या मध्ये एक रिले असतो. इंजिन चालू असेल तर तो दोघींना जोडतो आणि दुसरी बॅटरी भरते. इंजिन बंद झालं की तो दोघींना वेगळं करतो. इंजिन चालू झालंय ही खबर रिलेला एक बारीक निळी तार देते. त्या संध्याकाळी मंटूदा हात धुवायला गेले असताना मी ती तार ट्रेखाली उपटली आणि सुटलेली दिसू नये अशी परत खोचून ठेवली. दुसरी बॅटरी आता एकटी. ती भरणार नाही. मीटरवर आकडा होता बारा पॉइंट सात. तो मी मनात ठेवला. उद्या येईन. आकडा उतरलेला दिसला की पंख्याची चोरी रंगेहाथ. किती सोपं, किती सुबक! घरी येताना मी टॅक्सीच्या आरशात स्वतःला पाहून घेतलं.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी मला रांचीला पाठवलं. तीन दिवस. बैठका, हॉटेल, आणि हॉटेलात पनीर. निळी तार माझ्या डोक्यातून साफ गेली.

परत आलो त्या संध्याकाळी सरळ स्टेशनवरून गॅरेज गाठलं. गाडीचं पोट उघडं होतं. जाड केबली सोडून सापांसारख्या जमिनीवर टाकलेल्या. रिले तीन, एक जुना आणि दोन नवे. ट्रे उतरवलेली. मंटूदा टायरवर बसले होते, चष्मा हातात. त्यांचे दोन कारागीर बाजूला उभे, वर्गात गणित चुकलेल्या मुलांसारखे.

"दो दिन से चार्ज नहीं ले रहा, दादा," ते म्हणाले. "रिले बदला। केबल बदला। अर्थिंग बदला। सब ठीक है। तो भी नहीं लेता।"

निळी तार मला आत्ता आठवली. त्यांनी सगळं तपासलं होतं. ती तार सोडून, कारण ती त्यांनी स्वतःच्या हाताने लावली होती. स्वतःच्या हाताने लावलेली वस्तू कोण तपासतं?

तरी माझ्यातला नट गप्प बसेना. मी म्हणालो, "सगळं परत जोडा, आपण एकदा शेवटचं बघू." त्यांनी जोडलं. अर्धा तास लागला. मी बूट बांधायच्या निमित्ताने वाकलो आणि तार जागी बसवली. कट्ट. एवढासा आवाज. "आता चालू करा," मी शक्य तितक्या भोळ्या आवाजात म्हणालो.

इंजिन सुरू झालं. मीटरचा आकडा चढला. बारा पॉइंट सात, तेरा, तेरा पॉइंट आठ. कारागीर ओरडले. मंटूदा ओरडले नाहीत. त्यांनी मीटरकडे पाहिलं, मग माझ्या बुटांकडे. माझे बूट बिनलेसचे होते.

"दादा," ते म्हणाले, "क्या किया आप?"

मी सांगितलं. टोटो, शटर, पंखा, सापळा, सगळं. सांगताना ते इतकं हास्यास्पद वाटायला लागलं की मी मध्येच हसलो. कोणी साथ दिली नाही.

मंटूदांनी उजवा हात समोर धरला आणि त्याच्याकडे पाहिलं. बोटांच्या रेघांत काळं तेल, चाळीस वर्षांचं. "हम सोचा, हाथ गया," ते म्हणाले. "कल घर में बोला भी। बोला, अब हमसे नहीं होगा, दुकान छोड देगा।"

ते वाक्य मला आजही कुठेही गाठतं. मी एका माणसावर संशय घेतला होता, ते ठीक आहे. त्याची सवय आहे मला आणि बहुधा त्यालाही. पण माझ्या एका तारेने त्या माणसाला स्वतःच्या हाताचा संशय घ्यायला लावला, याचं काय करायचं? मी माफी मागितली. ती त्यांनी घेतली की नाही ते कळलं नाही. त्यांनी चष्मा लावला, एक केबल उचलली आणि तिच्याशी बोलल्यासारखं म्हणाले, "माशीमा का टेस्ट बाकी है ना? शटर का अंदर होगा। दोपहर को। आप भी बैठिए अंदर। देखिए, हम लोग क्या करता है।"

माशीमा म्हणजे मावशी, अर्थात माझी आई. त्यांनी तिला अजून पाहिलंही नव्हतं. मी चाचणी आमच्या सोसायटीत घेणार होतो, पण सेक्रेटरींनी आधीच फोन करून विचारलं होतं, की पार्किंगमध्ये गाडीत माणूस झोपवणं नियमात बसतं का.

घरी येऊन मी आईला सगळं सांगितलं, कारण मेधाला सांगायची हिंमत नव्हती. आईने निवडत असलेली मेथी बाजूला केली.

"संशय घ्यावा रे माणसाने," ती म्हणाली. "पण समोर बसून घ्यावा. तार कसली उपटतोस? चोरून घेतलेला संशय म्हणजे चोरीच की."

यावर आतून मेधाचा आवाज आला, "कसली तार?"

विश्वकर्मापूजेच्या दिवशी गॅरेजात कुणी पान्याला हात लावत नाही, म्हणून आम्ही त्याच्या दुसऱ्या दिवशी गेलो. हत्यारांवर अजून झेंडू होते, माझ्या कॉम्प्रेसरवर कुंकवाचा टिळा. गाडीच्या मागच्या सीट पाडून गादी घातली होती. आई चढताना मंटूदांनी एक लाकडी खोकं पायरी म्हणून ठेवलं.

"आइए माशीमा। डर नहीं।"

"हमको डर नहीं," आई म्हणाली. "हमको भरवसा नहीं।"

मंटूदा पहिल्यांदा हसले. पेटीची तार दुसऱ्या बॅटरीला जोडली, मीटर तार लांबवून गादीच्या कडेला ठेवला. आईने मास्क लावला. दीड वाजला. शटर खाली आलं, आणि ज्या अंधाराला मी बाहेरून कान लावला होता, त्याच्या आत मी बसलो होतो.

काय दिसलं सांगू? कारागिरांनी खोक्यांचे पुठ्ठे पसरले. एकाने भिंतीशी ठेवलेली, मळकी, कुठल्यातरी भंगारात गेलेल्या टॅक्सीची बॅटरी ओढली आणि तिला पंखा जोडला. घरघर सुरू झाली. हाच तो पंखा, हीच ती वीज. मी मान फिरवली. मंटूदा माझ्याकडेच पाहत होते. त्यांनी दुसऱ्या बॅटरीच्या खोक्याचा एक पुठ्ठा फाडला, कानावरची पेन्सिल काढली आणि दोन्ही माझ्या हातात दिले. "हर दस मिनिट, मीटर का नंबर लिखिए।" मग ते जमिनीवर आडवे झाले. भात खाऊन दुपारी येणाऱ्या झोपेला इथे भातघुम म्हणतात. तीन मिनिटांत तिघेही घोरत होते. एवढंच चाललं होतं त्या शटरच्या आत. झोप.

मी लिहायला लागलो. एक पन्नास, बारा पॉइंट सात. दोन, बारा पॉइंट सात. पत्र्याच्या छपराला एक बारीक भोक होतं, त्यातून उन्हाची काडी आत आली होती आणि तिच्यात धूळ वर-खाली करत होती. तेलाचा, झेंडूचा, गरम रबराचा वास. पंख्याची घरघर, तीन तऱ्हांचं घोरणं, आणि त्या सगळ्याखाली आईच्या पेटीचा आवाज. समुद्र लांब असावा तसा, येणारा आणि जाणारा. दोन दहा. बारा पॉइंट सात. दोन वीस.

चार वाजता शटर वर गेलं आणि उजेड डोळ्यांवर पडला. माझं डोकं गाडीच्या चाकाला टेकलेलं होतं. मी धडपडून उठलो. पेन्सिल कुठे, पुठ्ठा कुठे? चाचणी वाया गेली!

पुठ्ठा आईच्या मांडीवर होता. ती गादीवर उठून बसली होती, मास्क कपाळावर ढकललेला, हातात मंटूदांनी दिलेला मातीच्या भांड्यातला चहा. पुठ्ठ्यावर दोन वीसच्या खाली, माझ्या अक्षराखाली, तिचं गोल देवनागरी अक्षर. २.३०, १२.६. २.४०, १२.६. असं पार चारपर्यंत. एकही दहा मिनिटं चुकलेली नव्हती.

"तू झोपली नाहीस?"

"झोप कसली! तू लिहायचा थांबलास. कोणीतरी लिहायला नको?"

"पण चाचणी झोपेची होती ना, आई."

"चाचणी पेटीची होती. पेटी चालली. बारा दशांश सहा." तिने चहा संपवला. "निघू या कधीतरी. पण तिथे मी झोपणार. तू लिहायचं."

मंटूदांना मी याचं भाषांतर करून सांगितलं. ते म्हणाले, "माशीमा को दुकान में रख लीजिए। पगार देगा।" आणि हो, निघताना त्यांनी माझा हात हातात घेतला नाही, पण गाडीची किल्ली टेबलावर न टाकता हातात दिली. तेवढ्याने मला रात्री झोप लागली.

आता लिहिताना वाटतं, माणसं एकमेकांवर विश्वास ठेवतात म्हणजे नेमकं काय करतात? संशय तर कुणाचाच संपत नाही. आईचा संपला नव्हता, मेधाचा आयुष्यात संपणार नाही. मंटूदा आजही माझ्यासमोर बॉनेट बंद करायच्या आधी ती निळी तार बोटाने एकदा ओढून बघतात, आणि मी ते मुकाट्याने बघतो. गाडी तिथे अजून जाते. फक्त त्यांनी स्वतःच्या हाताकडे पुन्हा तसं पाहिलेलं माझ्या नजरेला पडलं नाही, आणि तशी वेळ माझ्यामुळे पुन्हा येऊ नये म्हणून मी दुपारी शटरला कान लावत नाही.

त्या पूजेच्या सुट्टीत आम्ही गेलो. आई पुढच्या सीटवर, पेटी तिच्या पायांशी. झाडग्रामच्या पुढे नदीकाठी वाळू लागली तेव्हा मी टायरमधली हवा सोडली, आणि बाहेर पडल्यावर कॉम्प्रेसर चालू केला. मेधाने माझ्या हातातून नळी घेतली, "दाखव, कसं करतात," आणि चारही टायर एकटीने भरले. शेवटचा भरून झाल्यावर ती आणखी एखादा टायर आहे का ते शोधत होती. संसारात काही विजय गप्प राहून साजरे करायचे असतात.

मातीचं घर, दोन खोल्या. संध्याकाळीच वीज गेली. गाडी खिडकीला लावली, तार आत घेतली, पेटी सुरू झाली. आईने मास्क लावायच्या आधी मला एक नवीन पुठ्ठा दिला. तो तिने घरून आणला होता. "दर अर्ध्या तासाने," ती म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून झोपली. मी खुर्ची, टॉर्च आणि पेन्सिल घेऊन दारात बसलो.

सकाळी ती बाहेर आली तेव्हा ऊन नदीवर आलं होतं. गालावर मास्कच्या पट्ट्याचा वळ. समोर काश पसरलेलं होतं, वाऱ्याने एकदम वाकणारं आणि एकदम उठणारं, ज्याच्यासाठी एवढं सगळं झालं ते. तिने तिकडे पाहिलंही नाही. माझ्यासमोर उभी राहिली आणि हात पुढे केला.

"पुठ्ठा."

मी दिला. सहा वाजेपर्यंत सगळे आकडे भरलेले होते. बारा पॉइंट सातपासून उतरत उतरत बारा पॉइंट दोन. तिने चष्मा लावला आणि एकेक ओळ बोट ठेवून वाचली.

"एक वाजेपर्यंतच्या ओळी वाकड्या आहेत," ती म्हणाली. "अंधारात लिहिलेल्या. दीडपासून पुढच्या सरळ आल्यात. त्या तू आत्ता उजेडात लिहिल्यास."

आतून मेधा हसल्याचं ऐकू आलं.

"डोळा लागला गं," मी म्हणालो.

"माहीत आहे. तीनच्या सुमाराला मला जाग आली होती. बघते तर तू खुर्चीत, तोंड उघडं, पेन्सिल खाली पडलेली. पुठ्ठा पालथा. कोणी लिहीत नव्हतं."

"मग? मला उठवलं नाहीस?"

"पेटी चालू होती," आई म्हणाली आणि चष्मा काढून पहिल्यांदा नदीकडे वळली. "कूस बदलली आणि झोपले परत."